सासूबाई आणि वरची केबिन

इन्सब्रुकमध्ये जन्मलोय मी! डोळे बांधून सोडलं तरी आमच्या डोंगरावर चढून सुखरूप घरी येईन. म्हणूनच होणाऱ्या सासूबाई, इर्मट्राउट काकू, हॅम्बुर्गहून पहिल्यांदा आल्या तेव्हा मी वालबुर्गाला छातीठोकपणे सांगितलं, "तू निवांत कामावर जा. काकूंना शिखरावर नेतो आणि तिथेच त्यांच्याकडे तुझा हात मागतो!"

"आईला उंचीची भीती वाटते, व्हिन्झेन्झ. एकटी सोडू नकोस तिला."

"मी असताना?"

पहिला रोपवे झकास गेला. काकूंनी डोळे मिटून माझं मनगट असं आवळलं, की बोटं वांग्यासारखी जांभळी पडली! मधल्या स्थानकावर दुसरी केबिन पकडायची होती. गर्दी तुफान. "चला काकू, दार लागेल!" म्हणत मी लाल जाकिटातला हात धरला आणि आत घुसलो.

केबिन सुटली. शेजारून आवाज आला, "अहो, तुम्ही कोण?"

जाकीट तेच, आत बाई दुसरीच!

काचेतून पाहिलं, तर काकू खाली फलाटावर! शेजारी एक टकले आजोबा "हिल्डे! अगं हिल्डे!" म्हणून नाचत होते.

"आमचे हे," बाई खुशीत म्हणाल्या. "चाळीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्यासाठी ओरडतायत. ओरडू देत जरा!"

शिखरावर पोचताच त्यांना घेऊन मी परतीच्या केबिनीत शिरलो. अर्ध्या वाटेत वर जाणारी केबिन समोर आली. तिच्यात काकू आणि आजोबा!

"वरच थांबा!" मी काचेवर थापा मारल्या. त्यांना वाटलं, मी टाटा करतोय. त्यांनीही केला.

खालून आम्ही पुन्हा वर निघालो, तर ते खाली येताना दिसले! तिसऱ्या खेपेला केबिनवाला वैतागला. "साहेब, कुठेतरी एकदाचे टिका ना!"

शेवटी मधल्या स्थानकावर ठाण मांडलं. काकू उतरल्या. डोळे टक्क उघडे, गाल लालबुंद.

"काकू, माफ करा! फार घाबरलात ना?"

"घाबरायला फुरसत कुठे होती? तुम्हालाच शोधत होते ना!"

हीच संधी! मी घसा खाकरला. "काकू, मला वालबुर्गाशी लग्न करायचंय."

"अहो, ते ठरलंय! हॉलसुद्धा घेतलाय आम्ही, सव्वीस तारखेचा. तिनं सांगितलं नाही?"

"नाही... मग मी काय करू?"

काकूंनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"सव्वीस तारखेला तुम्ही घरातच थांबा. न्यायला माणूस पाठवते."