तुळशीरामभाऊंची अर्धी लाइन

तुळशीराम बिसेन विजेच्या खांबांशी भांडत. कमरेवर हात ठेवून वर बघत म्हणत, "काऊन रे, काल तं चांगला होतास!" गोंदियात वीज अजून नवलाईचीच होती. खांबाला दटावणं हाही कामाचाच भाग असेल, असं लोकांना वाटे.

भाऊ वीज कंपनीत लाइनमन आणि मी त्याच कंपनीत मीटर वाचायला होतो. माणसं कमी, म्हणून फॉल्ट झाला की शिडीचं दुसरं टोक माझ्या खांद्यावर. भाऊंची पद्धत तशी सोपी. लाइनचा मधला जोड सोडवायचा आणि वीजघराकडच्या अर्ध्या भागात वीज सोडून बघायची. फ्यूज उडाला तर बिघाड अलीकडे, टिकला तर पलीकडे. मग त्या भागाचे पुन्हा दोन भाग. पण तिसऱ्यांदा लाइन सोडवेपर्यंत कोणता अर्धा कशाचा अर्धा, हे ना त्यांना आठवे, ना मला.

"बाबू, आपण अल्याड आहो का पल्याड?"

"तुम्हीच सांगा, भाऊ."

"मले कायले इचारतेस? मी लाइन पाहून राहिलो ना!"

एकदा तर त्यांनी दुपारभर धडधाकट लाइनीतच फॉल्ट शोधला. बंद होती ती शेजारची. राइस मिलवाले शेठ ओरडले, "बिसेनजी, जरा हमारी तरफ भी देखो!" भाऊ शांतपणे म्हणाले, "इधर का पक्का हो गया. अब उधरही है."

एक गोष्ट मात्र मला कळतच नव्हती. फॉल्ट बाजारात सापडो की मिलपाशी, वीज आली की भाऊ सायकल काढून कामठा रस्त्यावरच्या शेवटच्या खांबापर्यंत जात. का, असं विचारलं तर म्हणत, "शेवट पाह्यल्याबिगर लाइन पुरी होत नाही."

एका दुपारी तारेत अडकलेलं वटवाघूळ काढून आम्ही वीज चालू केली आणि मीही त्यांच्या मागे निघालो. शेवटच्या खांबाजवळ एक कौलारू घर होतं. भाऊ अंगणाबाहेरच थांबले आणि खांबाकडे बघत मोठ्याने म्हणाले, "लाइट आला का?"

दारात एक तरुण बाई आली. नाक, भुवया हुबेहूब भाऊंच्या. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही सुमन, त्यांची मुलगी. तिने जातीबाहेर लग्न केलं तेव्हापासून भाऊंनी घरात तिचं नावही घेतलं नव्हतं.

"आता ती 'आला' म्हणन अन् आत जाईन," भाऊ माझ्या कानाशी पुटपुटले. "दर खेपेला तेवढंच बोलते."

सुमन बापाकडे बघत राहिली. तिच्या मागे खोलीत बल्ब लख्ख जळत होता.

"नाही आला," ती म्हणाली.

भाऊ पार गोंधळले. त्यांनी बल्बकडे पाहिलं, तारेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"जळून तं राहिला ना वं, पोरी!"

"नाही आला, बाबा. आत येऊन पाहा."

मी तोंड उघडणार, तोच भाऊंनी पक्कड माझ्या हातात कोंबली. चपला काढल्या. टोपी नीट केली, पुन्हा वाकडी केली.

"फॉल्ट घरातच असन," ते म्हणाले. "तू जाय, बाबू. मले वेळ लागन."