उशिराचं वाण

मुलगी पाहायला गेलेले लोक काय विचारतात? शिक्षण किती, स्वयंपाक येतो का. माझा शेजारी नामाजी पोह्यांची बशी खाली ठेवतो आणि मुलीच्या आईला विचारतो, "बाई, पोरगी कितव्या महिन्यात बोलली? अन् पहिला शब्द कोणता?"

त्यामुळे आमच्या देवळी गावात स्थळ पाहायला नामाजीला कोणी हौसेने नेत नाही. तो आपणहून जातो.

जन्मभर तो बियाण्याच्या दुकानात होता. कपाशीच्या थैल्या विकायचा. कोणतं वाण लवकर येतं, कोणतं उशिरा, हे सांगून सांगून डोकंच तसं झालं. दुकान सुटल्यावर त्याने गल्लीतली लेकरं धरली. पोट्टं रडलं की याचे कान उभे. "हा गळा मामाचा हाय." बोबडं बोललं की, "आजीकडून आलं." एकदा एका साहेबाच्या घरी बारशाला पाळण्यात डोकावून म्हणाला, "हे बोलन लवकर, पण खोटं बोलन. बापाचं वाण हाय." तिथे आम्हाला कोणी जेवायचा आग्रह केला नाही.

मी त्याला लहानपणापासून, दोघं बोबडं बोलायचो तेव्हापासून ओळखतो. मी चौथीपर्यंत शिकलो, ते नामाजीच्या शेजारी बसून. अर्धं शिकवलेलं मला ऐकूच आलं नाही, कारण हा बोलायचा थांबत नसे. मास्तर कंटाळून त्याला विहिरीवर पाणी आणायला धाडायचे. हा विहिरीत वाकून विहिरीशी बोलायचा.

माझी बायको इंदू गेली त्याला वर्ष झालं. आम्हाला लेकरू झालं नाही. घरात ती, मी आणि चंदी बकरी. तिघांत बोलणारी ती एकटी. लोक आले, चार शब्द बोलून गेले. नामाजी तसलं काही बोलला नाही. जिथे जाईल तिथे मला ओढून नेतो. "चाल बे, घरात बसून काय अंडे उबवून राह्यला?" मला राग येतो. जातो.

त्याच्या पोरासाठी, विलाससाठी समुद्रपूरला मुलगी पाहायला गेलो तेव्हा इंदू होती. नामाजीने आपला प्रश्न टाकला. मुलीची आई गोंधळली. मुलगी, म्हणजे वैशाली, स्वतःच म्हणाली, "मी दहाव्या महिन्यात. पण माहा भाऊ चार वर्साचा होईपर्यंत चूप होता. आता कंडक्टर हाय, साऱ्या बसले चूप करते."

नामाजीच्या हिशोबाने हे स्थळ तिथेच मोडायला हवं होतं. त्याने बशीतले उरलेले पोहे संपवले आणि म्हणाला, "पोरगी खरं सांगते. जमलं."

त्यांना परी झाली. इंदू होती तोवर परी दिवसभर आमच्या अंगणात, इंदूच्या कडेवर. आता पोरगी तीन वर्षांची होत आली, पण तोंडातून शब्द नाही. हसते, बोट दाखवते, धोतर ओढते, बोलत नाही. नामाजीची बायको शांतावैनी नळावर, चुलीपाशी, पाहुण्यांसमोर एकच म्हणायची, "आमच्या घरात असं कोणी नाई. हे माहेराहून आलं." वैशालीचं जेवण सुटलं. एक दिवस तिची बॅग दाराशी दिसली. ती नामाजीला म्हणाली, "बाबा, मी परीले घेऊन समुद्रपूरले जातो. कधी येईन, सांगत नाई."

आख्ख्या गावाच्या लेकरांचं वाण सांगणारा नामाजी स्वतःच्या नातीबद्दल अवाक्षर काढत नव्हता. एवढंच म्हणाला, "पह्यले डॉक्टरले दाखवू. मंग जाजो."

वर्ध्याला गेलो. मलाही ओढलंच. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. कान चांगले होते. मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणी उशिरा बोललं होतं का?"

माझ्या मनात आलं, झालं, आता हा कापसासारखा फुटतो. जन्मभर हा प्रश्न यानेच दुसऱ्याला विचारला, आज डॉक्टर विचारते. वैशालीची मान खाली गेली. शांतावैनीने बोलायला श्वास घेतला.

"मी," नामाजी म्हणाला. "पाच वर्साचा होईस्तोर मुका होतो."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने टेबलाखाली माझा पाय चेंगरला.

"तुम्ही?" शांतावैनी म्हणाली.

"लाज वाटे. म्हणून सांगतलं नाई."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं घराण्यात असतं, यात आईचा दोष नसतो. बोलायचा सराव करायला आणत जा, घरीही तिच्याशी खूप बोला. खूप बोलायला आमच्याकडे माणूस होता.

परतताना बसमध्ये वैशाली हळूच म्हणाली, "बाबा, माह्या भावाचं तर तुम्हाले..."

"तुह्या भावाले तिकिटं फाडू दे," नामाजी म्हणाला.

बॅग परत कपाटावर गेली. पुढच्या सरावाच्या वेळी वैशालीने भावाचंही डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं, पण गावात नामाजीचंच चाललं. चहाच्या टपरीवर म्हातारे हाक मारतात, "काय मुक्या, कट चहा सांगू का?" शांतावैनी येईल त्याला सांगते, "माह्या पोट्टीले यायचंच, आज्याचंच वाण लागलं." आणि हा, ज्याला जन्मात कोणी गप करू शकलं नाही, मान खाली घालून चहा पितो.

परवा संध्याकाळी आम्ही दोघं माझ्या ओट्यावर बसलो होतो. परी अंगणात. चंदी कोपऱ्यात कुटार खात होती. इंदू तिला "ये वं चंदे" म्हणून बोलवायची, ये लांब ओढून. मी हाक मारत नाही, दोरी ओढतो.

हात पुढे करून परी पहिल्यांदा बोलली, "येऽ वं."

तसंच. तेवढंच लांब. चंदीने कुटार सोडलं आणि तिच्याकडे गेली.

मी नामाजीला विचारलं, "हे कोणाचं वाण बे?"

त्याने परीकडे पाहिलं. "आमचं नाई," म्हणाला. "समुद्रपूरचंही नाई. हे इंदूवैनीचं हाय. तुह्या घरचं."

पलीकडे त्याच्या घरात वैशाली होती, शांतावैनी होती. याने हाक मारायला तोंड उघडलं आणि परत मिटलं.

"त्यायले मंग सांगू," तो म्हणाला. "पह्यले तू आयकून घे."

परी बकरीला पुन्हा बोलवत होती.