पुठ्ठ्यावरची होडी

सांडलेला डिंक पुसावा की झाकावा, या विचाराने तपासनिसाला घाम फुटला होता. पुसायला रुमाल लावला, तर रुमालच चिकटला. तो ओढला, तर पुठ्ठ्याचं वरचं साल निघून मधोमध तळहाताएवढं टक्कल पडलं. शेजारी त्याची दहावीतली लेक मान खाली घालून कात्री चालवत होती. हॉलभर मुलं-मुली आणि त्यांचे आईबाप जुन्या मासिकांतून बंगले, विमानं, पदवीच्या टोप्या कापून आपापल्या पुठ्ठ्यावर डकवत होते.

"आयुष्यात काय हवंय ते डोळ्यांसमोर आणा! कापा, चिकटवा!" शिबिराच्या ताई टाळ्या वाजवत फिरत होत्या.

तपासनिसाची पंचाईत अशी, की त्याला आयुष्यात काही नकोच होतं. गाद्यांच्या कारखान्यात तो गाद्या तपासायचा, म्हणजे प्रत्येक गादीवर उताणा पडून छताकडे बघायचा आणि "चालेल" म्हणायचा. एवढं सुख पदरात असताना माणूस आणखी काय मागणार? हां, एक गोष्ट होती. लेकीने आपल्याशी बोलावं. वर्षभर ती त्याच्या प्रत्येक प्रश्नाला खांदे उडवून उत्तर देत होती. पण त्याचं चित्र मासिकात कुठून मिळणार?

ताई जवळ आल्या. त्याने घाईघाईने पानं उलटली. टक्कल झाकेल एवढं एकच चित्र हाती लागलं: उसळत्या लाटांवरची शिडाची होडी. दिली थापून.

"अरे वा!" ताईंनी पुठ्ठा उंच धरला. "बाकीच्यांनी बाजार मांडलाय. यांनी एकच गोष्ट मागितली. याला म्हणतात ध्यास!"

टाळ्या पडल्या. आणि लेकीने मान वर केली. "बाबा, तू कधी बोलला नाहीस!"

वर्षभरातलं तिचं हे पहिलं अख्खं वाक्य. खरं सांगायला उघडलेलं तपासनिसाचं तोंड आपोआप मिटलं.

हा माणूस पाण्याला किती भ्यायचा, ते सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटेल. प्यायच्या पाण्याचा ग्लास तो काठोकाठ भरू देत नसे. आंघोळीला बसला तर बादलीकडे पाठ करत नसे. रस्त्यात डबकं दिसलं, की गल्ली बदलायचा. आणि त्याही गल्लीत दिसलं, तर सरळ घरी परतून रजा टाकायचा.

आणि त्याच्याच घरी आता जाहीर झालं, "आई, बाबाला समुद्रावर जायचंय!"

"यांना?" बायकोच्या हातातली इस्त्री थबकली. "अहो, मग इतकी वर्षं मनात काय कुढत बसलात?" तिने तिथल्या तिथे भावाला फोन लावला.

मेहुणा म्हणजे उत्साहाचा फुटका नळ. संध्याकाळच्या आत हजर. "दाजी, छुपे रुस्तुम निघालात! समुद्राचं नंतर बघू, आधी तलाव. माझ्या ओळखीचा नावाडी आहे. रविवारचं ठरवून टाकलंय."

"अरे, पण माझी कंबर..."

"कंबर हवेने मोकळी होते!"

बातमी कारखान्यात पोचली. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "कधी निघताय? घाई नाही, पण तुमच्या जागेसाठी एकजण घरी आडवं पडायचा सराव करतोय."

आज सांगायचंच, असं तो रोज ठरवायचा. पण घरी पाऊल टाकलं, की लेक शेजारी येऊन बसायची. "बाबा, वारा फिरला की शीड कसं वळवतात, माहितेय?" मग तो म्हणायचा, "सांग ना." आणि तिथल्या तिथे गटांगळ्या खायचा.

रविवार उजाडला. मेहुण्याने धक्क्यावर त्याच्या लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले.

"दाजी, श्वास घ्या."

"घेतलाय. सोडायला जागा नाही."

लेकीचा हात धरून तो होडीत उतरला आणि त्याने डोळे गच्च मिटले. होडी हलली. डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली. खालून पाणी फळ्यांवर चपचप आपटत होतं. किनारा लांब गेला असणार. आता खाली किती खोल असेल? आपण बुडालो तर बुडालो, पण पोरगी अशी खोट्यापायी बुडायला नको.

"बाळा, ऐक," तो डोळे मिटूनच किंचाळला. "मला होडी नकोय! डिंक सांडला होता!"

"म्हणजे?"

"पुठ्ठ्याला टक्कल पडलं होतं, ते झाकलं. फुलदाणी सापडली असती, तर आज आपण बागेत असतो!"

तपासनिसाला वाटलं, संपलं. आता ही जन्मात बोलणार नाही.

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तू बोलायला लागली होतीस ना."

मग एक बारीक आवाज आला. "बाबा, मला मळमळतंय. बसल्यापासून. मला पाण्याची जाम भीती वाटते. पण म्हटलं, तुझं एवढं स्वप्न आहे, तर..."

दोघांनी एकदम हंबरडा फोडला. "काका, मागे घ्या! मागे घ्या!"

"कुठून मागे घेऊ?" नावाडी म्हणाला. "दोर अजून सोडलाच नाहीये."

तपासनिसाने डोळे उघडले. धक्का हाताच्या अंतरावर होता. वर मेहुणा तोंडाचा आ वासून उभा होता, आणि त्याच्या शेजारी बायको पदर खोचून.

"झालं तुमचं? उतरा," ती म्हणाली. तिने नवऱ्याचं जॅकेट सोडवलं, स्वतः चढवलं, आणि होडीत अशी उतरली, की होडी जराही हलली नाही. शिबिराला येतेस का, असं तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"अगं, तू कुठे?" तपासनीस म्हणाला.

"जेवण झाकून ठेवलंय. माझी वाट बघू नका." मग ती नावाड्याकडे वळली. "दादा, शीड वर घ्या. आणि त्या वल्ह्यावरून उठा जरा."

होडी सुसाट निघाली. बघता बघता शीड बोटाएवढं झालं, मग नखाएवढं. धक्क्यावर बापलेक दुपारभर एकमेकांना बिलगून बसले, आणि इतकं बोलले, इतकं बोलले, की मेहुण्यालासुद्धा मध्ये तोंड घालायला फट मिळेना. विषय एकच होता: तिला परत कसं बोलवायचं.