बाळंतिणीच्या न्हाणीचं भोक

भारतरावांची खाकी पँट न्हाणीच्या भिंतीतल्या भोकात कोंबलेली सापडली, तेव्हा ते ड्यूटीवर निघाले होते. पँटचा एक पाय बाहेर गल्लीत लोंबत होता. आष्टीच्या एसटी आगारात ते वाहतूक नियंत्रक. त्यांनी माइकवर बोलावं आणि गाड्यांनी हलावं, असा तिथला रुबाब. घरात मात्र त्यांना कुणी हिंग लावून विचारत नव्हतं.

आणि त्या भोकावर तर पोरीचा जीव अवलंबून होता. पौर्णिमा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. ऐन थंडीत तिला कढत पाणी मिळावं म्हणून भारतरावांनी हौसेनं गॅसचा गीझर आणला. कडा गावच्या नवनाथ मिस्त्रीनं तो न्हाणीत बसवला, जळका वायू बाहेर टाकायला वरून पाइप काढला आणि ताजी हवा आत यायला खाली, जमिनीलगत, भोक पाडलं. जाताना म्हणाला, "काका, हे भोक बुजू देऊ नका. हवा न्हाई मिळाली की इखारी वायू धरतो. माणूस बसल्या जागी आडवं व्हतंय, वरडायला बी सापडत न्हाई."

भारतरावांनी त्या वायूचा धसका घेतला. त्यांच्या आईनं, भिमाबाईंनीही घेतला, पण तो भोकाचा.

"बाळंतिणीच्या न्हाणीला भगदाड? वारं लागलं तर जन्माची कंबर जाईल पोरीची."

आता भारतरावांनी पँट उपसली आणि ते आईपुढं उभे राहिले. "माय, पाया पडतो, त्या भोकाला हात लावू नको. आत वायू कोंडला तर पोरगी हाती लागायची न्हाई. त्येला ना रंग, ना वास."

"रंग न्हाई, वास न्हाई, तरी तू भितोस?"

"म्हणून तर भितो."

"मग वाऱ्याला कुठं रंग हाय बाबा? तरी लागतंच की."

 भारतराव तसेच आगारात गेले आणि त्या दिवशी त्यांनी कपिलधारची गाडी नगरच्या फलाटावर लावली.

दुसऱ्या दिवशी पँटच्या जागी गोधडीचा तुकडा आला. भारतरावांनी भोकाला जाळी ठोकली, तर जाळीवर कणीक थापली गेली; ती खरवडताना जाळीच निघून आली. गीझरच काढून टाकतो म्हणाले, तर मालिशवाली छबुबाई आडवी आली. मायलेकरांना तेल लावून न्हाऊ घालायला ती रोज यायची. "चूल फुकून फुकून डोळे गेले माजे. नळ फिरवला की कढत पाणी, आन् ते काढतोस व्हय?" बायकोकडं, वनमालाकडं बघावं, तर ती म्हणे, "मी मायलेकाच्या मधी पडत न्हाई. पडले की दोन्हीकडून मलाच."

शेवटी त्यांनी पुण्याला जावयाला फोन लावला. प्रवीण शिकलेला. तो म्हणाला, "मामा, तुमचं बरोबर हाय. भोक उघडंच पाहिजे." तेवढ्यात फोन विहीणबाईंनी घेतला. "इवाई, आमच्या सुनेला वारं लागलं तर बघा." फोन परत प्रवीणकडं आला तेव्हा तो हळूच म्हणाला, "मामा, जरा जमवून घ्या."

पौर्णिमा तेवढी म्हणायची, "पप्पा, आजीशी भांडू नका. मला कायबी होत न्हाई." पोरीचा भोळेपणा बघून भारतरावांना आणखीच भरून यायचं.

मग एक रीतच पडली. भिमाबाई आधी न्हाणीत जायच्या, आतून भोकात बोळा ठासायच्या आणि बाहेर यायच्या. मग पौर्णिमा आणि छबुबाई आत, दाराला कडी. बाहेरून काठी घालून बोळा ढकलावा, तर आत लेक अंघोळीला; बापानं त्या भोकाकडं बघायचं तरी कसं? म्हणून भारतराव भल्या सकाळी गल्लीत, गारठलेल्या भिंतीला पाठ लावून, भोकाशेजारी उकिडवे बसायचे आणि थोड्या थोड्या वेळानं हाक मारायचे.

"पौर्णिमा, हायस का?"

"हाय, पप्पा."

जाता-येता शेजारचा आसाराम विचारायचा, "कंट्रोलर साहेब, हितं कोणती गाडी लागायची?" भारतराव मान खाली घालायचे. आपल्या हातानं आपण घरात मरण आणून बसवलं, ही बोच त्यांना अन्न गोड लागू देत नव्हती.

अशाच एका सकाळी त्यांनी हाक मारली आणि ओ आली नाही. पुन्हा मारली. काही नाही. लाजलज्जा सोडून त्यांनी वळून पाहिलं, तर भोकातून धूर येत होता.

भारतराव कसे धावले ते त्यांनाच ठाऊक. खांद्याच्या एका धक्क्यात दाराची कडी निघाली. आत पाटावर छबुबाई एकटीच निवांत बसली होती. बोटात विडी, तोंड भोकाकडं, आणि बोळा शेजारी काढून ठेवलेला.

"पोरगी कुठाय?"

"खोलीत. मागंच झाली तिची अंघूळ. दार कावून मोडलंस?"

"आन् ह्यो बोळा?"

"म्हातारी गेली की रोज काढती मी. कोंडल्या जागी जीव घाबरतो माजा. निघताना परत कोंबती. तिचं मन बी राखलं, आपला जीव बी."

खोलीतून पौर्णिमाचा आवाज आला, "मी म्हणत व्हते की, पप्पा, मला कायबी होत न्हाई."

भारतरावांना रडावं की हसावं कळेना. तोवर भिमाबाई दारात आल्या होत्या. त्यांनी बोळा पाहिला, भोक पाहिलं, आणि विचारात पडल्या. भोक रोज उघडं, आणि नातीची कंबर तर ठणठणीत. "मग वारं गेलं कुठं?"

तेवढ्यात तुटलेली कडी उचलायला भारतराव वाकले ते वाकलेच. कंबरेत अशी उसण भरली की सरळ होताना डोळ्यांपुढं काजवे चमकले.

"बघ," भिमाबाई म्हणाल्या. "भोकापाशी रोज कोण बसत व्हतं?"

दुपारी भारतरावांच्या कानाला मफलर बांधला गेला, कंबरेला ओव्याचा शेक झाला, हातात पौर्णिमाच्या वाट्याचा डिंकाचा लाडू आला. मग कढत पाण्यानं अंघोळ कर म्हणून त्यांना भिंतीच्या आधारानं न्हाणीत पाठवलं. दार दोरीनं बाहेरून बांधून घेतलं. भारतरावांनी नळ फिरवला, गीझर भप्पकन पेटला, आणि गल्लीच्या बाजूनं भोकातून खाकी पँटचा एक पाय आत आला.

"माय, काढ ती पँट."

"गप बस. वारं लागलंय तुला."

भोक जमिनीलगत. भारतरावांना वाकता येत नव्हतं. त्यांनी पायाच्या अंगठ्यानं पँट ढकलून पाहिली, पण ती चांगली ठासलेली होती. मग त्यांनी गीझर बंद केला, कोनाड्यातल्या घागरीतून गार पाण्याचा तांब्या भरला आणि डोळे मिटून अंगावर ओतला.

"भारता," बाहेरून भिमाबाईंनी विचारलं, "पाणी कढत हाय ना?"

"हाय, माय."