एका पेडलची गाडी

"माझी गाडी येऊ तर दे! मग दाखवतो सगळ्यांना, गाडी चालवणं म्हणजे काय असतं ते!"

हे वाक्य मास्तर इतकी वर्षं म्हणत होते, की शेजाऱ्यांच्या पोपटालाही ते पाठ झालं होतं. मास्तर म्हणजे आमच्या भागातल्या एकुलत्या एक ड्रायव्हिंग स्कूलचे मालक. रस्त्यावरची निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली, आणि उरलेली निम्मी त्या माणसांना घाबरून घरात बसलेली!

गाडीही साधीसुधी नव्हे. विजेवर चालणारी स्पोर्ट्स कार! पापणी लवायच्या आत उभ्या जागेवरून शंभरावर जाणारी. बुकिंग केलं तेव्हा मास्तरांची लेक शाळेत होती. कंपनीने आधी बॅटरीचं कारण सांगितलं, मग दारांचं, मग रंगाचं. तेवढ्यात लेक शिकली, नोकरीला लागली, लग्न होऊन सासरीही गेली. गाडी काही येईना! मास्तर मात्र रोज संध्याकाळी कातडी हातमोजे चढवून सोफ्यावर बसायचे आणि एक गोल उशी दोन्ही हातांत धरून वळणं घ्यायचे. तोंडाने "घर्रर्र" चालूच.

"अहो, विजेच्या गाडीला आवाज नसतो म्हणे," शिलाई मशीनवरून मान वर न करता बायको सांगायची.

"तू आपलं कापड शिव! गाडीतलं तुला काय कळतं?"

बायको पुन्हा मशीनचं पेडल दाबायची. लग्न नवं असताना मास्तरांनी तिला गाडी शिकवायला घेतली होती. क्लच सोडला की गाडी बंद, पुन्हा सोडला की पुन्हा बंद! तिसऱ्या दिवशी सगळ्या बॅचसमोर मास्तर ओरडले होते, "तुला या जन्मात जमायचं नाही!" त्यानंतर तिने गाडीचं नाव काढलं नाही. लायसन्स मात्र तिच्याकडे होतं. स्कूलचा निकाल शंभर टक्के लागायला हवा, म्हणून मास्तरांनीच ते काढून दिलं होतं!

आणि एके सकाळी गाडी आली! ट्रकवरून उतरली, फाटकासमोर उभी राहिली, आणि हूं की चूं नाही. मास्तरांचे आजी-माजी विद्यार्थी गोळा झाले. बायकोचा भाऊ, म्हणजे मास्तरांचा मेव्हणा, मोबाइल सरसावून उभा राहिला. हा माणूस मास्तरांची फजिती बघायला जेवण अर्धं टाकून येईल! गाडीबरोबर कंपनीचा एक टायवाला आला होता. त्याने बटण दाबलं आणि दोन्ही दारं पंखांसारखी वर गेली. गर्दीने "आऽऽऽ" केलं.

मास्तरांनी हातमोजे ओढून नीट केले. काळा चष्मा लावला. रुबाबात बॉनेटला वळसा घातला, आत बसले, पट्टा बांधला आणि दोन्ही हात पुढे केले.

हातांत काहीच आलं नाही.

मंडळी, मास्तर शेजारच्या सीटवर बसले होते! त्यांचा तरी काय दोष? तीस वर्षं ते शिकवणाऱ्याच्याच सीटवर बसत आले. सकाळी शिकाऊ घरून घेऊन जायचा, संध्याकाळी शिकाऊ आणून सोडायचा. भाजी आणायला गेले तरी शिकाऊच, आणि वर म्हणायचे, "गर्दीचा सराव हवा!" स्वतः स्टिअरिंगला शेवटचा हात कधी लावला, ते त्यांनाही आठवत नव्हतं. पाय तेवढे सवयीने शिकवणाऱ्याच्या ब्रेकच्या जागी गेले.

"भावोजी!" मेव्हणा ओरडला. "स्टिअरिंग पलीकडे राहिलं!"

गर्दी फिसकन हसली. आता उठून पलीकडे जावं, तर गाडी इतकी बुटकी की गुडघ्यांनी संपच पुकारला. आणि उठणं म्हणजे चूक कबूल करणं. त्यापेक्षा मास्तरांनी जीव दिला असता!

"मुद्दाम बसलोय!" त्यांनी मान ताठ केली. "पहिला मान हिचा! ये गं, बस!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बायको गळ्यातल्या मापाच्या टेपसकट पुढे आली. तिने एकदा मास्तरांकडे बघितलं, एकदा गाडीकडे, आणि दुसरा विचार न करता बसली.

"एक मिनिट, साहेब!" टायवाला धावला. "स्टिअरिंगला आधी बसणाऱ्याचा चेहरा..."

दारं मिटली.

"नमस्कार, ताई!" गाडी गोड आवाजात बोलली. "तुमचा चेहरा मालक म्हणून नोंदवला."

"क्लच कुठाय गं?" बायकोने विचारलं.

"क्लच नाही. एकच पेडल आहे. दाबलं की चालते, सोडलं की थांबते."

"अय्या! म्हणजे माझं मशीनच की!"

"अगं, हळू! आधी आरसा बघ! आरसा..."

बायकोने पाय दाबला. मास्तरांचे गाल कानांना जाऊन भेटले, काळा चष्मा कपाळावर सरकला. त्यांनी जिवाच्या आकांताने ब्रेक दाबला. म्हणजे जिथे त्यांच्या शिकवायच्या गाडीत ब्रेक असतो, तिथे! इथे नुसता गालिचा होता.

बायको मात्र टीप मारावी तशी पांढऱ्या पट्टीलगत सरळ निघाली होती. वळण आलं की पाय हलका, वळण संपलं की पुन्हा सुर्रर्र! कुठे दोरा तुटला नाही की चुणी पडली नाही.

"ब्रेक! हॉर्न! ब्रेक म्हणतो ना!" मास्तर गालिच्यावर दोन्ही पाय आपटत होते.

"ताई," गाडीने विचारलं, "शेजारच्या सीटवर पाय आपटून रडारड चालली आहे. लहान मूल आहे का?"

बायकोने क्षणभर विचार केला.

"आहे!" ती म्हणाली.

"ठीक. पाल्य म्हणून नोंद केली. दार आणि काच फक्त पालकाच्या परवानगीने उघडतील. पाल्याला शांत करण्यासाठी अंकांचं गाणं लावते."

"मी पाल्य? अरे, मी मालक आहे! बुकिंग माझं आहे!"

"एक, दोन, तीन, चार," गाडी गाऊ लागली, "बाळ माझं हुशार!"

अख्ख्या गावाला फेरी मारून गाडी फाटकाशी आली, तेव्हा बायको केस सावरत ऐटीत उतरली. तिच्या बाजूचं दार तिच्यामागे मिटलं. आत मास्तर हातमोज्यांनी काच बडवत होते आणि गाणं बाहेरच्या स्पीकरवरही चालू होतं. तीस वर्षांचे विद्यार्थी तालावर टाळ्या देत होते. मेव्हण्याचा मोबाइल हसण्याने थरथरत होता.

शेवटी बायकोने परवानगी दिली आणि मास्तर सुटले.

"नोंद बदला!" ते टायवाल्यावर धावून गेले. "आत्ताच्या आत्ता!"

"बदलता येते की, साहेब. मुख्य कचेरीत अर्ज करायचा. फक्त तिथे रांग आहे."

"किती वेळ लागेल?"

"गाडीला लागला ना, साधारण तेवढाच!"

मास्तर फाटकाच्या कट्ट्यावर मटकन बसले. इतकी वर्षं वाट बघितलेली गाडी समोर उभी, आणि ती त्यांना ओळखेना! त्यांना खरंच रडू फुटायचं बाकी होतं. टायवाल्यालाच दया आली. "मालक, म्हणजे ताई, शेजारी बसून शिकवणार असतील, तर नवशिक्यालाही चालवता येते," तो म्हणाला. "मात्र गाडीच्या पुढे आणि मागे शिकाऊची लाल पाटी लागेल."

पाट्यांना काय तोटा? स्कूलमध्ये ढीग पडला होता!

दुसऱ्या दिवशी सकाळी पापणी लवायच्या आत शंभरावर जाणारी ती स्पोर्ट्स कार, लाल पाटी मिरवत, मुंगीच्या पावलांनी निघाली. मास्तरांचा एक पाय सारखा क्लच शोधत होता. दुसरा पेडल सोडायचा, तेव्हा गाडी जागच्या जागी थांबायची आणि मास्तरांचं नाक स्टिअरिंगवर आपटायचं. पुन्हा दाबलं की उडी, पुन्हा सोडलं की नाक! एक विद्यार्थी सायकलवरून पुढे निघून गेला. जाता जाता ओरडला, "मास्तर, आधी आरसा!"

शेजारी बायको शांतपणे काजं करत बसली होती. ओरडणं नाही, पाय आपटणं नाही. मास्तर घामाघूम झाले. ती आता ते वाक्य म्हणणार, या जन्मातलं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते वाक्य ऐकायला किती वाईट असेल, हे आजच त्यांच्या ध्यानात येत होतं, आणि त्यांना मनापासून लाज वाटली. पण ती आपली पुढच्या काजाला लागली.

मास्तरांनी कशीबशी गाडी फाटकाशी आणून लावली. थोडी तिरकी, पण लावली! कपाळ पुसत त्यांनी हळूच बायकोकडे पाहिलं.

"ताई," गाडी म्हणाली, "पाल्याने आज चांगला प्रयत्न केला. शाबासकी द्यायची का?"

मास्तर सीटवर ताठ बसले.

बायकोने दाताने दोरा तोडला. खिडकीतून खाली वाकून चाक आणि कट्टा यांमधलं अंतर टेपने मोजलं.

"आत्ताच नको," ती म्हणाली. "आधी सरळ लावू दे."

मास्तरांनी आरसा बघितला आणि गाडी पुन्हा मागे घेतली.