चौकटीची दुर्री, टेबलाच्या पायाखाली

गेल्या रविवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी नरसिंहराव अण्णांनी सात नो-ट्रम्पचा, म्हणजे हुकूम न ठरवता सगळे हात घेण्याचा, डाव केला. तेराच्या तेरा हात! आमच्या चामराजपेठेतल्या मराठी करमणूक संघात ब्रिज सुरू झाल्यापासून असा डाव हा चौथा, आणि अण्णांच्या आयुष्यातला पहिला.

असं काही झालेलं नाही.

संघाच्या नियमावलीत सतरावा नियम आहे. त्यानुसार हा डाव 'झालाच नाही असे समजण्यात येईल'. मी नियम पाळणारा माणूस आहे. तेव्हा जे झालंच नाही ते कसं झालं, तेवढं सांगतो.

मी पद्माकर. पुण्याहून इथल्या सरकारी यंत्रकारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून आलो, त्याला दोन वर्षं झाली. ब्रिज मला बरा येतो. दोष म्हणाल तर एकच, तोही माझा नव्हे, बंगळूरच्या हवेचा! या गावात दुपार अशी येतच नाही, सकाळच हळूहळू पेंगायला लागते. संघाच्या व्हरांड्यासमोर जॅकरांडाचं झाड आहे. त्याची जांभळी फुलं इतक्या सावकाश खाली येतात, की एक फूल निघून जमिनीवर पोचेपर्यंत माझी साधारण दोन स्वप्नं होतात. या कारणाने मला कोणी जोडीदार घेत नसे. अण्णांनी घेतलं, कारण त्यांना कोणी उरला नव्हता.

अण्णांच्या घराण्याला इथे येऊन तीनशे वर्षं झाली आणि अण्णांना ब्रिज खेळू लागून तीस. संघाच्या दालनात एक शिसवी फळा आहे. जो ग्रँड स्लॅम करतो, म्हणजे सगळे तेरा हात बोलून ते घेऊनही दाखवतो, त्याचं नाव त्या फळ्यावर सोनेरी अक्षरांत लिहितात. फळ्यावर तीन नावं आहेत. कृष्णमूर्ती, कृष्णमूर्ती आणि कृष्णमूर्ती. ते संघाचे चिटणीसही आहेत. अण्णा दर रविवारी आल्याबरोबर फळ्यावरची धूळ उपरण्याने पुसायचे. चौथ्या ओळीची जागा जरा जास्तच.

आणि हा रविवार शेवटचा होता. सोमवारी सकाळच्या गाडीने अण्णा आणि त्यांच्या पत्नी गोदूबाई धारवाडला लेकीकडे कायमचे राहायला जाणार होते. सामान बांधून झालं होतं.

"आज जमलं तर जमलं रे," अण्णा म्हणाले. "धारवाडात जावई रमी खेळतो."

त्यांच्या आवाजात असं काही होतं, की मी मनाशी प्रतिज्ञाच केली. आज स्वप्न नाही! आज पद्माकर जागा!

सुरुवातच दणक्यात केली. आमचं टेबल डगमगत होतं. तीस वर्षं डगमगत होतं, पण त्याला आजवर ड्राफ्ट्समन भेटला नव्हता! मी खाली वाकून एक डोळा मिटला, फट मोजली. दीड मिलिमीटर. शेजारीच पत्त्यांचा कॅट पडला होता. त्यातला सगळ्यांत निरुपयोगी पत्ता कोणता? चौकटीची दुर्री. तिच्या दोन घड्या केल्या आणि पायाखाली सारली. टेबल असं स्थिर झालं, की त्यावर कोणी शस्त्रक्रिया करावी!

मग पत्ते मोजले. एक्कावन्न. एक कमी कसा, ते मला लगेच कळलं, यावरून मी किती जागा होतो ते दिसेल. कपाटात दुसरा कॅट होता. पाठीवर तोच निळा मोर. मी त्यातला वरचा पत्ता काढला आणि यात घातला. बावन्न! हिशेब चोख. पत्ता पाहिला नाही, कारण त्याच क्षणी जॅकरांडाचं एक फूल सुटलं होतं.

आम्ही बसलो. अण्णांच्या समोर मी. अण्णांच्या उजवीकडे कृष्णमूर्ती, इस्त्रीच्या धोतरात, इस्त्रीच्या चेहऱ्याने. डावीकडे त्यांचे जोडीदार मल्हारराव. ते जेवणानंतर खेळतात म्हणण्यापेक्षा जेवणानंतर पत्ते हातात धरून झोपतात, म्हणणं योग्य. अण्णांच्या मागे खुर्ची टाकून गोदूबाई वाती वळत होत्या. त्यांना अण्णांना घरी न्यायचं होतं, पेटीची कुलपं अण्णांनाच लावता येत.

"स्वल्प थांब गं," अण्णा म्हणाले. "एक रबर संपू दे, मग निघू."

"तीस वर्षं स्वल्पच थांबलेय," गोदूबाई म्हणाल्या आणि पुढची वात घेतली.

दोन-तीन डावांत कोणी काही बोललंच नाही, पत्ते न खेळताच फेकले. मग हा आला.

मी पत्ते उघडले आणि ते इतके सुंदर होते, की मला गुंगीच आली. बदामाचा एक्का, चौकटीचा एक्का, किलवरचा एक्का आणि राजा. ऊन पिवळं, मऊ, तुपासारखं. किलवरचा राजा पत्त्यातून उतरला, त्याने मला नमस्कार केला आणि आम्ही दोघं कब्बन पार्कात फिरायला निघालो. त्याला कन्नड येत होतं, मला नव्हतं, तरी बोलणं छान चाललं होतं...

"पद्माकर!"

"आँ?"

"मी एक इस्पिक बोललोय. केव्हाचं!"

"तीन किलवर!" मी म्हणालो. राजाला वाईट वाटू नये, हा एक विचार. पण बोली बरोबरच होती.

अण्णांनी चष्मा वर केला. "चार नो-ट्रम्प."

ज्यांना ब्रिज येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या बोलीचा अर्थ, 'तुझ्याकडे एक्के किती?' उत्तर ठरलेलं असतं. पाच किलवर म्हणजे एकही नाही, पाच चौकट म्हणजे एक, पाच बदाम म्हणजे दोन. मी बोटं मोजली.

"पाच इस्पिक." म्हणजे तीन.

आता अण्णांनी हिशेब केला. त्यांच्याकडे दोन एक्के होते. दोन आणि तीन पाच होतात. कॅटात एक्के चार असतात. कोणीही शहाणा माणूस इथे थबकेल! पण अण्णा माझे जोडीदार होते. ते मला ओळखत होते. त्यांनी विचार केला, तो नंतर मला सांगितला. 'पोरगा उघड्या डोळ्यांनी झोपतो. एखादा एक्का त्याला स्वप्नात दिसला असणार. म्हणजे खरे दोन. दोन नि दोन चार. सरी, बरोबर!'

"सात नो-ट्रम्प," अण्णा म्हणाले.

मल्हारराव जागे झाले. तीस वर्षांत अण्णांच्या तोंडून कोणी 'सात' ऐकलं नव्हतं. वेळ विचारली तरी ते साडेसहानंतर थेट आठच सांगत, असं म्हणतात.

"डबल," कृष्णमूर्ती म्हणाले. शांतपणे. म्हणजे, तुमचं जमणार नाही, पैज दुप्पट. त्यांच्याकडे बदामाचा राजा होता, राणीही होती.

"रीडबल!" अण्णा म्हणाले. चौपट! गोदूबाईंची वात तुटली.

मल्हाररावांनी किलवरची दश्शी टाकली आणि मी माझे पत्ते टेबलावर मांडले. मी झालो डमी, माझेही पत्ते आता अण्णाच खेळणार. डमीने बोलायचं नाही, सुचवायचं नाही, भुवईदेखील वर करायची नाही. जगातलं हे एकच काम मला जन्मजात येतं.

अण्णांनी माझे पत्ते पाहिले. मग स्वतःचे पाहिले. मग पुन्हा माझे. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग गुलाबी, मग असा काही झाला, की मला वाटलं, हा माणूस लहानपणी असा दिसत असेल.

किती वेळ गेला माहीत नाही. बाहेर चार फुलं पडली.

"अण्णा," कृष्णमूर्ती म्हणाले, "खेळताय की धारवाडहून पत्रानं कळवताय?"

"खेळतो," अण्णा म्हणाले. "सावकाश खेळतो. चालेल ना?"

"चालेल की. मला काय घाई?"

मी असा खेळ पाहिला नाही! अण्णा पत्ता टाकत नव्हते, ठेवत होते. देवापुढे फूल ठेवावं तसा. माझ्याकडचा किलवरचा एक्का, मग राजा, मग उरलेले किलवर. चार हात. माझा बदामाचा एक्का. पाच. चौकटीचे दोन. सात. मल्हारराव पूर्ण जागे झाले होते, हाच एक चमत्कार. मग अण्णांच्या हातातली इस्पिकं. एक्का, राजा, राणी, गुलाम, नव्वी. ऊन टेबलावरून सरकत भिंतीवर गेलं आणि शिसवी फळ्याच्या चौथ्या ओळीवर जाऊन बसलं. मी डमी होतो, म्हणून गप्प होतो, नाहीतर रडलो असतो.

"बारा," कृष्णमूर्ती म्हणाले. त्यांच्या हातात एकच पत्ता उरला होता आणि ओठांवर बारीक हसू. "छान खेळलात. पण बदामाचा एक्का मघाच गेला. राजा माझ्याकडे आहे. तेरावा हात माझा, अण्णा."

अण्णांनी शेवटचा पत्ता ठेवला.

बदामाचा एक्का.

कृष्णमूर्तींचा राजा त्यावर पडला आणि खोलीत इतकी शांतता झाली, की टेबलसुद्धा डगमगलं नाही. याचं श्रेय माझं.

"तेरा!" गोदूबाई म्हणाल्या.

"हे... हे..." कृष्णमूर्तींची इस्त्री पहिल्यांदाच मोडली. "हा एक्का मघाशी गेलाय!"

"गेलाय," अण्णा शांतपणे म्हणाले. "हा दुसरा. पत्त्यांत बदामाचे एक्के दोन आहेत. डाव रद्द, कृष्णमूर्ती. लिहून घ्या."

"तुम्हाला माहीत होतं?"

"डमी उघडल्यापासून."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

अण्णांनी तेरा हात समोर नीट एका रांगेत लावले. "सांगणारच होतो. पण म्हटलं, तेरा हात घेताना कसं वाटतं, ते एकदा पाहावं. मग सांगावं."

"कसं वाटलं?" मल्हाररावांनी विचारलं.

"बारापर्यंत भीती वाटते," अण्णा म्हणाले. "तेराव्याला काहीच वाटत नाही. उतरल्यासारखं वाटतं. गाडीतून."

"अक्का, तुम्ही तर मागेच बसला होता!" कृष्णमूर्ती गोदूबाईंकडे वळले. "तुम्हाला दोन एक्के दिसले नाहीत?"

"दिसले की! एक यांच्याकडे, एक टेबलावर. मी म्हटलं, बरंच झालं. घरात आलेल्या लक्ष्मीला कोणी मोजतं का?"

मग चौकशी सुरू झाली. एक्के पाच निघाले. पत्ते बावन्नच निघाले. म्हणजे काहीतरी कमी. चौकटीची दुर्री नव्हती! कपाटातला दुसरा कॅट मोजला, त्यात बदामाचा एक्का नव्हता. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी डमी होतो, म्हणून बोललो नाही. डाव संपलाय, बोल, असं तिघांनी सांगितल्यावर मी खाली वाकून दुर्री काढून दाखवली. टेबल एकदम कलंडलं आणि नुकतेच आलेले कॉफीचे चारही पेले कृष्णमूर्तींच्या धोतरावर गेले.

त्याच ओल्या धोतरानिशी त्यांनी नियम सतरा वाचून दाखवला. 'पत्ता कमी वा जास्त आढळल्यास तो डाव झालाच नाही असे समजण्यात येईल.' वाचताना त्यांचा आवाज जरा कापला. कॉफी गरम होती, म्हणून असेल.

अण्णांनी उपरण्याने फळा पुसला. चौथ्या ओळीची जागा जरा जास्तच.

"मी मुद्दाम नाही केलं हो, अण्णा," मी म्हणालो.

"मुद्दाम केलं असतंस तर जमलं नसतं," अण्णा म्हणाले आणि माझ्या पाठीवर थाप मारून पेटीला कुलूप लावायला गेले. सोमवारची गाडी वेळेवर सुटली, असं कळलं.

म्हणून मी काल पुढील अर्ज रीतसर दाखल केला आहे.

'मा. चिटणीस, मराठी करमणूक संघ, चामराजपेठ, यांस. विषय: न झालेल्या डावाची नोंद घेणेबाबत. महोदय, गेल्या रविवारी दुपारी ४ ते ४.२० या वेळेत न झालेला श्री. नरसिंहराव यांचा सात नो-ट्रम्पचा डाव, नियम १७ ला कोणतीही बाधा न आणता, फक्त त्या वीस मिनिटांपुरता झाला असे समजण्यात यावे. त्यांचे नाव शिसवी फळ्यावर चौथ्या ओळीत लिहिण्यात यावे. ते शक्य नसल्यास फळ्याच्या मागच्या बाजूस, भिंतीकडे तोंड करून लिहिले तरी चालेल. तसेच टेबल पुन्हा डगमगू लागले असल्याने सोबत चौकटीची दुर्री जोडली आहे. काम झाल्यावर ती अर्जदारास परत मिळावी. कळावे. आपला नम्र, पद्माकर, डमी.'