मधुकाकीच्या नावाची सीट

"बाबा, आपण आजवर विमानात बसलो नाही, ते तत्त्व म्हणून की पैसे नाहीत म्हणून?"

हा प्रश्न माझा नाही. मृणाल आणि साकेतचा आहे. मधल्या सुट्टीत त्यांनी मला डेअर दिलेलं, की घरी सगळे जेवायला बसलेले असताना हे विचारायचं. नाही विचारलं तर आठवडाभर दोघांना फ्रँकी खिलवायची. त्यांचंही बरोबर होतं म्हणा. आमच्या वर्गात विमानात न बसलेले आम्ही दोघंच उरलेलो, मी आणि भिंतीवरचा जगाचा नकाशा.

आणि मी घाबरणारी मुलगी राहिलेले नाही. जूनमध्ये वक्तृत्व स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळाल्यापासून मी कुणालाही काहीही विचारू शकते.

बाबांच्या हातातला पापड तोंडाजवळ जाऊन थांबला.

"तत्त्व म्हणून," ते म्हणाले. "पैसे उडवायचे नाहीत, हे तत्त्व."

"आणि बसच्या भाड्यात विमान मिळालं तर? रविवारी सकाळी अकराला सेल लागतोय. तुम्ही फक्त कार्ड द्या. तिकिटं मी काढते."

"तू?" आई म्हणाली. "तुला दूध आणायला पाठवलं की तू ताक घेऊन येतेस."

"आई, ते एकदाच झालेलं."

बाबांनी पापड खाली ठेवला. डोंबिवलीच्या एका केमिकल कंपनीत ते स्टोअर सांभाळतात. एक ड्रम इकडचा तिकडे झाला तरी त्यांना ऍसिडिटी होते. असा माणूस मला कार्ड द्यायला तयार झाला, ही माझ्या आयुष्यातली वक्तृत्व स्पर्धेनंतरची सगळ्यात मोठी घटना. अट मात्र त्यांनी घातलीच.

"एक चूक, फक्त एक चूक झाली ना उर्वी, तर दहावीची परीक्षा होईपर्यंत मोबाइल माझ्या कपाटात."

मी नववीत आहे. म्हणजे ही जन्मठेपच. पण मी हो म्हणाले. चूक व्हायचीच कशी? तिकीट काढणं म्हणजे काय, नाव लिहायचं आणि बटण दाबायचं.

आता जायचं कुठे? मी गोवा म्हणाले. बाबा म्हणाले, तिथे राहायचं कुणाकडे? मी जयपूर म्हणाले. तिथे राहायचं कुणाकडे? मी बंगळुरू म्हणाले, तर आई म्हणाली की तिची एक मैत्रीण आहे तिथे, पण दोघींचं दोन हजार बारापासून बोलणं नाही. तेव्हा मला कळलं की आमच्या घराण्यात विमान फक्त तिथेच उतरतं जिथे घ्यायला नातेवाईक येतात.

असं गाव भारतात एकच निघालं. नागपूर. मधुकाकीचं माहेर.

"विमानाने नागपूरला?" मृणालने विचारलं. "अधिवेशन आहे का तुझं?"

मी तिला भाव दिला नाही. विमान ते विमान. वरून सगळं सारखंच दिसतं.

पण काकीच्या माहेरी काकीशिवाय कसं जायचं? म्हणून काकी आली. काकी आली म्हणजे सर्वेशकाका आला. ते दोघं ठाण्याला टेंभी नाक्याजवळ राहतात. बाबांनी फोन केल्यावर काका म्हणाला, "दादा, पोरीच्या एकटीच्या हातात देऊ नकोस. मी येतो." आणि रविवारी सकाळी दहालाच सर्वेशकाका ठाण्याहून आमच्या सोफ्यावर हजर. काकी आली नव्हती. तिच्या बचत गटाची बैठक होती. हे लक्षात ठेवा. काकी तिथे असती तर ही गोष्ट घडलीच नसती.

अकरा वाजले. मी लॅपटॉपसमोर, माझ्या उजव्या खांद्यावर काका, डाव्या खांद्यावर बाबा. आई मागे कोथिंबीर निवडत उभी. ऑपरेशन थिएटरमध्येसुद्धा इतकी माणसं नसतील.

पाच जणांसाठी शोधलं तर भाव एकदम वर गेला. तिघांसाठी शोधलं तर खाली आला.

"असं कसं?" काका म्हणाला.

"काका, स्वस्त सीट थोड्याच असतात. पाच एकदम मागितल्या की ते सगळ्याच महागातल्या देतात. आपण आधी तीन काढू, मग दोन."

"म्हणजे रेशनच्या दुकानात दोन रांगा लावायच्या," काका म्हणाला. त्याला माझ्याबद्दल आदर वाटायला लागलेला. मलाही वाटायला लागलेला.

मग साइटने विचारलं, सँडविच हवं का? काका म्हणाला, पुऱ्या नेऊ. विमा हवा का? आई म्हणाली, आधीच अशुभ कशाला बोलतात हे लोक? पाय लांब करायला जास्त जागा हवी का? बाबा म्हणाले, पाय आखडतेच बरे आहेत. सगळ्या खुणा काढत काढत मी पैसे भरायच्या पानावर पोचले. आता फक्त ओटीपी. तो बाबांच्या फोनवर आला.

"सांगा बाबा, लवकर."

"सदतीस, एकोणसत्तर, अठ्ठावन्न."

मी सेमी इंग्लिशवाली आहे. सदतीसपर्यंत माझी गाडी जाते.

"एकोणसत्तर म्हणजे सत्तरच्या आधीचं की नंतरचं?"

"अगं, साठ नऊ."

"सहा नऊ म्हणा ना मग."

"साठ नऊ म्हणजे सहा नऊच होतं."

"आणि अठ्ठावन्न?"

"ह्यांना शाळेत शिकवतात तरी काय?" काकाने आईला विचारलं, जणू काही अभ्यासक्रम आई ठरवते. तेवढ्यात स्क्रीन पांढरा झाला. वेळ संपला. पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या खेपेला बाबा एकेक आकडा, दोन आकड्यांच्या मध्ये श्वास घेत, सकाळच्या बातम्या वाचल्यासारखे सांगत होते. आमची तिघांची तिकिटं निघाली. मग काका-काकीची. तीच फ्लाइट, तोच दिवस, दिवाळीच्या सुट्टीतला. पहिलं नाव सर्वेश, दुसरं मधु, आडनाव दोघांचं तावडे. काका स्पेलिंग बघायला स्क्रीनवर इतका वाकला की त्याच्या चष्म्याचा डाग पडला. "बरोबर आहे," तो म्हणाला. मी बटण दाबलं.

सेलमध्ये एक फुकट खिडकीची सीट मिळत होती. तीसुद्धा मी मोठ्या मनाने मधुकाकीच्या नावावर टाकली. तिच्या माहेरी चाललोय, तेवढं तर करायलाच हवं.

त्या दिवशी दुपारी मी घरातली सगळ्यात मोठी माणूस होते. आईने मला श्रीखंडाची वाटी आपणहून पुढे केली. बाबांनी तिकिटं घराच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, 'उर्वीने काढली.' मृणाल-साकेतला मी विमानाचं चित्र पाठवलं, एकही शब्द न लिहिता. मोठी माणसं असंच करतात.

चारच्या सुमारास काकीचा फोन आला.

"उर्वी, तिकिटं बघितली गं. छान काढलीस. पण त्यात मी नाहीये."

"आहेस की काकी. दुसरं नाव बघ. खिडकी पण दिलीय तुला."

"ती मधु आहे. विमानतळावर आधार कार्ड बघतात ना? माझ्या आधारवर चित्रा गावंडे आहे."

मी पंधरा वर्षांची आहे. पंधरा वर्षं मी ह्या बाईला मधुकाकी म्हणतेय. तिच्या हातचे वडे-भात खाल्लेत, तिच्या साड्यांमध्ये लपलेय. आणि ती चित्रा गावंडे?

फोन स्पीकरवर होता. मी सोफ्याकडे बघितलं. काका अजून तिथेच होता, पोटावर वर्तमानपत्र ठेवून. तो हळूच उठून बसला.

"अरे हो," तो म्हणाला. "ते बदलायचं राहिलंच."

"काय राहिलं?" बाबांनी विचारलं.

मग सगळं बाहेर आलं. लग्नात नवऱ्याने ताटभर तांदळात अंगठीने बायकोचं नवीन नाव लिहायचं, तसं काकाने लिहिलेलं. मधु. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले आणि ताटातल्या तांदळाचा दुसऱ्या दिवशी भात झाला. कागदावर ते नाव उतरवायला मात्र कुणी गेलंच नाही. काकाला वाटलं काकीने केलं असेल. काकीला कुणी विचारलंच नाही.

"पण नाव बदललंच का?" मी विचारलं.

"आपल्या घरात चित्राआत्या होती ना," काका म्हणाला. "दोन दोन चित्रा झाल्या असत्या. गोंधळ झाला असता."

"आता नाही झाला?" फोनमधून काकीचा आवाज आला.

बाबा माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी कपाटाकडे बघितलं. ते बघणं मला कळलं.

मी कस्टमर केअरला फोन लावला. आधी एका बाईने मला यंत्रातून अर्धा तास सांगितलं की माझा कॉल त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग एक दादा आला.

"मॅम, स्पेलिंग करेक्शन हो सकता है. आप बताइए, एम ए डी एच यू में कौन सा लेटर चेंज करना है?"

"सगळी. मतलब सब. मधु का चित्रा करना है. और तावडे का गावंडे."

तिकडे कीबोर्डची टकटक झाली.

"मॅम, ये तो दूसरी पैसेंजर हो गई."

"नहीं, वही है. काकी है मेरी."

"मॅम, सेल टिकट में पैसेंजर चेंज नहीं होता. रिफंड भी नहीं है. और कोई सहायता?"

और कोई सहायता. मी त्याला सांगणार होते की माझा मोबाइल कपाटात जाणार आहे, त्याबद्दल काही करता येईल का. पण त्याने मला पाच तारे द्यायला सांगून फोन ठेवला.

संध्याकाळी काकी स्वतः आली. सोफ्यावर बसली आणि पाणी प्यायला लागली. बाकी सगळे बोलत होते. बाबांनी तोवर उपाय शोधलेला.

"सोप्पं आहे. तिकीट बदलत नाही ना? मग आधार बदलू. लग्नाचा दाखला काढू, केंद्रावर देऊ. पावभाजीच्या पैशात काम होतं."

"बरोबर," काका म्हणाला. "कधीतरी करायचंच होतं."

म्हणजे तिकीट बदलण्यापेक्षा काकी बदलणं स्वस्त पडत होतं. आणि खरं सांगते, मीसुद्धा मनात म्हणत होते, हो म्हण काकी, हो म्हण. माझा फोन वाचेल.

काकीने ग्लास खाली ठेवला. काकी रागावली की तिची ठाण्याची मराठी संपते आणि नागपूरची सुरू होते.

"मी काऊन बदलू?"

काकीने बोटं मोजायला सुरुवात केली.

"माझ्या डिग्रीवर चित्रा. बँकेत चित्रा. बचत गटात सही करते ती चित्रा. विमानतळावर भाऊ येणार आहे माझा. तो चित्राला न्यायला येणार. मधुला तो ओळखत नाही बाप्पा. तो मधुला तिथेच सोडून येईल."

"अगं, पण तिकीट फुकट जाईल," काका म्हणाला.

"जाऊ द्या. मी माझं नवीन काढते, माझ्या नावाने. पैसे तुम्ही भरायचे. तांदळात अंगठी तुम्ही फिरवली होती."

काकाने खिशातून कार्ड काढलं. सर्वेशकाका घासाघीस न करता पैसे देतोय, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

"आणि दादा," काकी बाबांकडे वळली, "पोरीला काही बोलायचं नाही. तिने जे लहानपणापासून ऐकलं तेच लिहिलं. चूक झाली ती तिच्या जन्माच्या आधीची आहे."

बाबा म्हणाले, "नाही नाही, मी कुठे काय बोललो." कपाटाकडे बघणं मात्र त्यांनी थांबवलं. मला काकीच्या पाया पडावंसं वाटलं. पण मग ती चित्राकाकी म्हणून पडायचं की मधुकाकी म्हणून, हे ठरेना.

नवीन तिकीट मीच काढलं. ह्या वेळी काकी माझ्या शेजारी आधार कार्ड हातात धरून, एकेक अक्षर बोटाने दाखवत. सेल तोवर संपलेला. चित्रा गावंडेंचं एक तिकीट आमच्या चौघांच्या एकूण तिकिटांपेक्षा महाग निघालं आणि मधली सीट मिळाली. खिडकीजवळची सीट मधु तावडे ह्यांच्या नावावर आहे. त्या येणार नाहीत. त्यांची सीट कुणालाही देता येणार नाही, असं मी पुन्हा फोन करून विचारल्यावर त्या दादाने सांगितलं. एका नसलेल्या बाईला पूर्ण विमानात सगळ्यात चांगला नजारा मिळणार होता.

जाताना दारात चप्पल घालत असलेल्या काकीला काकाने हाक मारली. "मधु." ती थांबली नाही. त्याने घसा साफ केला. "चित्रा." तरी नाही. "अगं, ऐकतेस का?" तेव्हा ती वळली.

दार लागलं. आई भांडी आवरायला लागली. मी ओट्याला टेकून उभी राहिले.

"आई, तुझं खरं नाव काय आहे?"

"प्राची."

"लग्नाआधीचं विचारतेय मी."

"प्राचीच. तांदळात तुझ्या बाबांनी प्राचीच लिहिलं."

मी बाबांकडे मोठ्या अभिमानाने बघितलं. असा बाप सगळ्यांना नाही मिळत.

"दुसरं काही सुचलंच नाही त्यांना," आई म्हणाली. "भटजी थांबलेले, सगळे थांबलेले, आणि हे नुसते तांदळाकडे बघत बसलेले."

बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

पण मला गप्प बसवत नव्हतं. दिवसभरात मी एक तिकीट वाया घालवलेलं, एक काकी नव्याने मिळवलेली, आणि माझ्या डोक्यात एक पूर्ण भाषण तयार झालेलं, वक्तृत्व स्पर्धेत मला पहिलं बक्षीस मिळवून देईल असं. मी स्वयंपाकघर आणि हॉलच्या मधोमध, दोघांनाही दिसेन अशी उभी राहिले.

"आई, बाबा, मी एक निर्णय घेतलाय. लग्नात मी नाव बदलणार नाही. पहिलं नाही, मधलं नाही, आणि आडनाव तर अजिबात नाही."

आईने नळ बंद केला. बाबांनी टीव्ही बंद केला.

"कोण आहे तो?" दोघांनी एकदम विचारलं.